येसूच्या लेसचा कोपरा

घाट उतरून खाडीच्या अंगाला वळलं की आंबेखोल लागतं. त्या गावी रामेश्वराच्या देवळात केरोबा महाराज येऊन राहिले होते, तेव्हाची ही हकिगत. महाराजांचा संसार तो केवढा! एक घोंगडी, एक करवंटी आणि मंडपातल्या खांबाशी टेकायला हातभर जागा. कुणी पाया पडलं तर "जेवलास का रे?" एवढंच विचारायचे. भाविकांना तेवढ्यानं भरून यायचं.

ज्यांना कधीच भरून आलं नाही, त्यांत पहिलं नाव खोतांच्या द्वारकाबाईंचं. बाई मोठ्या कर्तबगार, त्यात वाद नाही. पण संशय म्हणाल तर हाडीमासी खिळलेला. दूधवाली जरा हसली की या भांड्यात बोट बुडवून बघायच्या. महाराजांविषयी तर म्हणायच्या, "काही मागत नाही ना? म्हणजे मोठंच काहीतरी मागायचं मनात आहे. लक्ष ठेवा!"

आता मंडळी, या बाईंच्या हातात एक कला होती, ती मात्र मानलीच पाहिजे. लहानपणी माहेरी, बंदरावरच्या शाळेत, एका मडमेनं त्यांना लेस विणायला शिकवलं होतं. सुईची नव्हे हो, उशीवरची. गवतानं गच्च भरलेली उशी घ्यायची, तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेला कागद लावायचा. प्रत्येक धाग्याच्या टोकाला बोटभर लाकडी कांडी. कांड्या एकमेकींवरून टाकायच्या, पीळ द्यायचा आणि टाका हलू नये म्हणून भोकात टाचणी रोवायची. बाईंनी ही हौस गावातल्या बायकांना लावली. दुपारची जेवणं आटोपली की सगळ्याजणी उशा घेऊन देवळाच्या मंडपात जमत. मग काय, हाताबरोबर तोंडंही चालत. "अगो, सूत जरा ओलसर करून गुंडाळ, गाठी नाही पडत." "कांडी ओढू नको गो, लोंबू दे. तिच्या वजनानंच टाका बसतो." जिला जे सुचेल ते ती दुसरीला सांगे.

द्वारकाबाईही सांगत. फक्त एक गोष्ट सोडून. सरळ पट्टी सगळ्यांना येत होती, पण कोपरा कसा वळवायचा ते बाईंनी कुणाला म्हणून दाखवलं नाही. "कोपरा आला की उशी माझ्याकडे पाठवा," एवढंच. कोपरा त्या दार लावून करीत. त्यामुळे जत्रेच्या पालखीत देवाखाली अंथरायचा चौकोनी रुमाल दरवर्षी खोतांच्या घरूनच येई, आणि बाईंचा तो मान हिरावून घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

येसू गुरवीण त्याच मंडपात सगळ्यांच्या मागे बसायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती आणि गाभाऱ्याची किल्ली तिच्याकडे, राहायला देवळामागची खोली. हात तिचा असा जड, की तिची लेस बघून पोरीसोरी हसत. "येशे, जाळी आहे की मासे धरायचं पाग?" येसूही हसे. पुन्हा उसवून विणायला घेई. यंदा देवाचा रुमाल आपण करावा, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि एका दुपारी तिच्या उशीवर कोपरा वळलेला दिसला! वाकडातिकडा, पण कोपरा. द्वारकाबाईंच्या हातातली कांडी थांबली.

"कुणी शिकवलं हे तुला?"

"महाराजांनी, वैनीनू. मी त्यांच्यापुढं रडले, म्हटलं कोपरा काही वळत नाही. ते म्हणाले, धाग्यांना कशाला पिळतेस, कोपऱ्यावरच्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि उशीच फिरव. फिरवली, तर वळला."

मंडपात हशा पिकला, पण बाईंनी आपली उशी आवरली. तिरकी रेघ! उशी फिरवणं! हे तर त्यांच्या बंद दारामागचं. ज्या माणसानं जन्मात सुईत दोरा ओवला नसेल त्याला हे कसं ठाऊक? कुठून तरी पाहिलंन हिनं. खिडकीतून? न्हाणीघराच्या फटीतून? बाईंनी घरी जाऊन खिडकीखालची माती तपासली. पाऊल दिसलं नाही, तेव्हा संशय आणखी बळावला. पुसून गेली असणार!

त्यांनी नवऱ्याचे, दाजीबा खोतांचे, कान भरले. "आज माझ्या घरात डोकावली, उद्या देवाच्या दागिन्यांत डोकावेल. अशा बाईच्या हाती किल्ली?" दाजीबांनी निकाल दिला. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी येसूनं सगळ्या गावासमोर शेवटचा कोपरा वळवून दाखवावा. जमलं तर खरी. नाही जमलं तर किल्ली ठेवावी आणि खोली सोडावी.

येसू महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. महाराज म्हणाले, "जेवलीस का? जेवून घे आधी. कोपऱ्याचं बघू."

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी येसू देवाचा नैवेद्य आणायला गेली, तेव्हा मंडपात चिटपाखरू नव्हतं. महाराज तेवढे खांबाशी डोळे मिटून बसलेले. द्वारकाबाई हळूच आत शिरल्या. आपण नुसतं बघायला आलोय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. उशीवरचं फडकं उचललं. येसू कोपऱ्याच्या अगदी तोंडाशी आली होती. वळवणार मेली! बाईंनी टाचण्या उपटायला सुरुवात केली. धागा तोडला नाही, कांडीला हात लावला नाही. टाचण्या गेल्या की लोंबत्या कांड्याच सगळे टाके ओढून नेतात. आणि बघणारे म्हणणार, येशीनंच घाईनं काढल्या असतील. उशीच्या बाजूला खोचलेल्या जादा टाचण्याही त्यांनी घेतल्या, सगळ्या पदरात बांधल्या, टाके ढळताहेत की नाही तेही न बघता फडकं तसंच झाकलं आणि घर गाठलं.

संध्याकाळी मंडप माणसांनी फुलला. दाजीबा येसूकडून घेतलेली किल्ली समोर ठेवून पुढे बसले. महाराज खांबाशीच होते, पण आज दोन्ही हात घोंगडीखाली. एवढ्या उकाड्यात घोंगडी? बाईंची नजर तिथंच अडकली. काय दडवलंय यांनी?

येसूनं देवाला हात जोडले, फडकं काढलं आणि किंचाळलीच. "अगो बाई गो! माझ्या टाचण्या!"

उशीवर एक टाचणी नव्हती. आणि तरीही, मंडळी, लेस जशीच्या तशी! प्रत्येक टाका आपल्या भोकावर ताणलेला, कांड्या खाली लोंबताहेत आणि जाळी तसूभर ढळलेली नाही. द्वारकाबाई तिरासारख्या पुढे आल्या. खळ लावली असेल! त्यांनी नखानं खरवडून पाहिलं. सूत कोरडं. एक कांडी ओढून पाहिली. टाका हलला नाही, मात्र खांबाशी बसलेल्या महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

"वीण गो," महाराज येसूला म्हणाले. "टाचणीचं मी बघतो."

येसू विणू लागली. डोळ्यांतून धारा, हात आपला तोच जड. एक टाका बसे, आणि घोंगडीखाली महाराजांचा हात हलकेच दचके. पुन्हा टाका, पुन्हा तेच. बाईंनी ते बरोबर टिपलं. दोरा आहे! घोंगडीतून उशीपर्यंत दोरा लावलाय बुवानं! त्या महाराज आणि उशीच्या मधे जाऊन बसल्या, वारा घेतल्यासारखं करून पदर फिरवला, जमिनीवरून हात फिरवला. कुठं काही लागलं नाही. येसूनं तिरकी रेघ गाठली, उशी फिरवली, आणि बघता बघता कोपरा वळला. गावानं रामेश्वराचा असा गजर केला की कबुतरं उडाली. दाजीबांनी स्वतः उठून किल्ली येसूच्या हातात दिली.

महाराजांनी खडीसाखर मागवली. पहिला मान खोतीणबाईंचा. बाईंनी नाइलाजानं ओंजळ पुढे केली, आणि महाराजांचे हात प्रथमच घोंगडीबाहेर आले.

दोन्ही पंजे टोचलेले. बोटाच्या पेरापेरांवर, तळव्यावर बारीक लाल ठिपके, कुठं रक्त सुकलेलं, कुठं ताजं. ओळीनं आलेले, मधे तिरके वळलेले. ती नक्षी बाईंनी जन्मभर विणली होती. दुसऱ्या कुणाला ते ठिपके वाटले असते, बाईंना कोपरा दिसला.

महाराज त्यांना एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "दुपारपासून धरून होतो गो."

द्वारकाबाईंच्या ओंजळीतली साखर सांडली. "महाराज... तुम्ही जागे होतात? मग मला अडवलं का नाही? ओरडायचं तरी!"

"ओरडलो असतो तर गावानं तुला पाहिलं असतं."

एवढं ऐकलं मात्र, बाईंचा बांध फुटला. जिच्या चोरीवर पांघरूण घालायला या माणसानं आपले हात टोचून घेतले, ती आपण! त्यांनी पदराची गाठ सोडली, टाचण्या साऱ्या गावासमोर फरशीवर ओतल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मी उपटल्या! येशीनं काही चोरलं नाही. चोर मी आहे!" आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या.

महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको. टाके तिचे होते."

खोतांची द्वारकाबाई जागची उठली, टाचण्यांतून अनवाणी चालत गेली आणि भरल्या मंडपात येसू गुरविणीच्या पायांवर तिनं कपाळ टेकलं.