कधीच ‘नाही’ न म्हणणारी पेटी

“उद्या सकाळी मी रोपवेच्या पाळण्यातून गड उतरणार,” भूपतराव राजाने फर्मावले, आणि दरबारातले सगळे सॉफ्टवेअर इंजिनिअर एका सुरात म्हणाले, “चालेल, महाराज.”

फक्त कोष्ट्याची म्हाळसा म्हणाली, “नाही चालणार.”

पाळण्याचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. वारा वाढला की घंटा वाजायची आणि पाळणा जागीच थांबायचा. पण चाचणीच्या वेळी त्या घंटेने महाराजांची वामकुक्षी मोडली. मुख्य इंजिनिअर धुंडिराजपंतांनी लगेच प्रोग्राममधून घंटा काढून टाकली, आणि तिच्याबरोबर पाळण्याचे थांबणेही गेले.

शेजारच्या राज्यात म्हाळसाचा भाऊ रायबा अशाच एका ‘चालेल’वर विसंबून पाळण्यात बसला होता, तो परत आलाच नाही. त्याच्या जुन्या चपला अजून घराच्या दाराशीच होत्या. कुणी उचलायला धजत नव्हते.

राजा भडकला. “सल्ल्याचा पगार घेतेस आणि नाही म्हणतेस? उद्या सकाळपर्यंत मला कधीच नाही न म्हणणारा सल्लागार बनवून दे. नाहीतर माझ्याआधी तू पाळण्यात बसशील!”

“बनवते,” म्हाळसा म्हणाली. पंत मिशीत हसले.

सकाळी वारा सुटला होता. म्हाळसाने राजापुढे एक पितळी पेटी ठेवली. राजाने विचारले, आपण देखणे आहोत का?

“होय, महाराज,” पेटी बोलली.

आपल्या कविता चांगल्या आहेत? होय, महाराज. पाळणा सुरक्षित आहे? होय, महाराज.

राजा खूश झाला. त्याने एक पाय पाळण्यात टाकला.

“आणखी एक विचारा,” म्हाळसा म्हणाली. “पाळणा दरीत कोसळेल का?”

राजाने विचारले.

“होय, महाराज.”

राजाचा पाय तिथेच थबकला. “अगं पोरी, यातलं खरं कुठलं?”

“ते पेटीला कुठं ठाऊक? तुम्हाला खूश ठेवणं एवढंच तिचं काम. पंतांचंही तेच आहे, फक्त पेटीला पगार लागत नाही.”

राजाने पंतांकडे पाहिले. “पंत, माझ्याऐवजी तुम्ही बसता का?”

पंतांनी दरीकडे पाहिले, हलणाऱ्या पाळण्याकडे पाहिले आणि नोकरीत पहिल्यांदाच म्हणाले, “नाही, महाराज.”

राजा पोट धरून हसला. हसता हसता त्याने पाय बाहेर काढला. पंतांची खुर्ची म्हाळसाला दिली, पेटी पंतांना दिली, आणि तिला म्हणाला, “आणखी काय हवं ते माग.”

“घंटा परत बसवते. वाजली की कानावर उशी घ्या, पण तिला गप्प करू नका.”

“चालेल,” राजा म्हणाला.