जाईच्या माहेरची माणसं

एक होता सम्राट. सम्राट म्हणजे बारा राजांचा राजा, बरं का. त्याच्या राजवाड्याला मोठ्ठी बाग, आणि बागेला हत्तीहून उंच भिंत. आत माळ्याशिवाय कुणाला पाऊल टाकायची सोय नाही.

माळ्याचं नाव भिवा. बागेत एक आंबा होता, भिवानं आपल्या हातानं कोय लावून वाढवलेला. भिवाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळा जीव त्या झाडावर. झाड चांगलं थोराड झालं, पण मोहर काही येईना. शेवटी सम्राट म्हणाला, "भिव्या, तीन वर्षं वाट बघतो. मग कुऱ्हाड."

भिवा लागला कामाला.

मग पहिल्या वर्षी त्यानं आळ्यात शेणखत घातलं. पानं हिरवीगार झाली, मोहर नाही. दुसऱ्या वर्षी सम्राटानं दरबारचे सनईवाले झाडाखाली बसवले. त्यांनी अशी सनई वाजवली, की होती ती पाखरंसुद्धा उडून गेली. मोहर नाहीच.

मग भिवाची बायको सगुणा म्हणाली, "अहो, झाडाचं लग्न केलंय का? बिनलग्नाच्या आंब्याला फळ कसं धरायचं? आमच्या गावाला जाईशी लावतात."

भिवानं हे सम्राटाला सांगितलं. सम्राट पोट धरधरून हसला. "लाव की लग्न! वरबाप मी होतो."

जाईचा वेल होता गावात, गयाबाई कुंभारणीच्या अंगणात. म्हातारी म्हणाली, "देते. पण माझी जाई एकटी नाही यायची. सगळं गाव पोचवायला येईल."

मग काय, भिंतीचं दार उघडलं. कुंभार आले, कोष्टी आले, तेली आले. पोरं तर विचारूच नका. जाई आंब्याच्या बुंध्याशी लावली, मधे अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. आणि काय सांगू, वारा नसताना आंब्याची एक फांदी खाली आली आणि जाईला हळूच टेकली. भिवानं उपरण्यानं डोळे पुसले.

दिवस कलला. शिपाई म्हणाला, "चला, झालं लग्न, निघा आता." तशी गयाबाईनं दारातच फतकल मारली आणि थेट सम्राटाला हाक दिली.

"अहो व्याही! लेक दिली तुम्हाला. आता माहेरच्यांनी भेटायला यायचं नाही होय? सोयऱ्यांच्या तोंडावर दार लावायचं, ही कुठली रीत?"

बारा राजे ज्याला वचकून, त्यानं विहीणबाईंपुढे हात जोडले. हौसेनं वरबाप झाला, आणि सगळं गाव सोयरं करून बसला की! डोकं खाजवत म्हणाला, "भिवा, दार उघडंच राहू दे."

मग रोज कुणी ना कुणी लेकीला भेटायला येई. रिकाम्या हातानं कसं यायचं? म्हणून तांब्याभर पाणी आणून झाडाला घाली. आणि तिसऱ्या वर्षी, माघात, आंबा असा मोहरला की पान दिसेना. कुऱ्हाड आणलीच होती. त्याच कुऱ्हाडीनं भिवानं पोरांच्या झोक्याला बांबू तोडला.

पुढे राजवाडा पडला. भिंतही गेली. बाग आहे. तिथं कुणी कुणाला विचारत नाही, तू कोण, कुठला. येईल तो जाईच्या माहेरचा. भिवा-सगुणेचं सुनं अंगण गावच्या पोरांनी भरलं ते भरलंच.

तुम्हीसुद्धा माहेरचेच, बरं का. जायचंय ना बागेत? मग मिटा डोळे. तांब्या तेवढा विसरू नका.