मोत्यांची तूट

एका नगरीच्या राजवैद्यशाळेत औषधं करणाऱ्या सगुणानं मोत्यांच्या पुडीची वाटी तराजूत ठेवली, आणि पारडं किंचित वर उचललं गेलं. वजन कमी भरलं होतं.

राजाची धाकटी मुलगी आजारी होती. तिच्यासाठी मोत्यांचं भस्म करायचं, तर आधी मोत्यांची पूड लिंबाच्या रसात भिजवावी लागे. मोती कोठीतून यायचे आणि कोठावळे धोंडोपंत मोठे कडक. रसात पूड टाकण्याआधी सगळं वाटीसकट तोलायचं, फेस निवला की पुन्हा तोलायचं, हा त्यांचा यंदाचा नवा नियम. आज फेस निवला आणि दोन गुंजा कमी भरल्या!

एरवीही खुट्ट झालं तरी दचकणारी ती. तिनं पुन्हा तोलून पाहिलं; तूट तेवढीच.

शेजारी खलात औषध घोटणारी तुळसाक्का कुजबुजली, "चिमूटभर खडू टाक की गं! कोण बघतंय?"

"औषध आहे ते, अक्का. आजारी पोरीच्या पोटात जायचंय."

इतक्यात धोंडोपंत आलेच. "मोत्यांना पाय फुटले वाटतं? दिवस मावळायच्या आत तूट भरून दे, नाहीतर वेशीबाहेर हो!"

सगुणाला फेस आठवला. एवढे बुडबुडे फुटले, त्यांतलं गेलं कुठं?

"पंत, चोर दाखवते," ती कशीबशी म्हणाली, "पण सगळ्यांसमोर."

तिनं जाड काचेची कुपी घेतली. कुपी, रस, पूड, बूच, दोरा असं सारं एकत्र तोललं. मग पूड आत टाकून झटकन बूच दाबलं, दोऱ्यानं आवळलं आणि कुपी पारड्यात ठेवली. रस खदखदला. दोरा ताणला. "फुटणार, फुटणार!" म्हणत भोवती जमलेली माणसं मागं सरली.

पारडं मात्र जागचं हललं नाही.

"मग सकाळचं कुठं गेलं?" पंत गुरगुरले.

"आता कुणीतरी बूच काढा आणि दोऱ्यासकट पारड्यातच ठेवा. मी काढलं तर म्हणाल, बोटांना चिकटवलं."

कुणी हललं नाही.

"या ना कुणीतरी!" तिचा आवाज चिरकला. तुळसाक्कानंही मान खाली घातली. बूच करकरलं. "अहो, या ना!"

"सर बाजूला, पोरी."

धोंडोपंत स्वतः पुढं आले. त्यांनी दोरा सोडला. फस्स! फेसातला वारा बाहेर सुटला. बूच आणि दोरा पारड्यात ठेवताच पारडं हळूच वर गेलं.  मग पंतांनी आपले दोन्ही तळवे उघडून सगळ्यांना दाखवले. रिकामे होते.

तात्पर्य: दिसेनासं झालेलं सगळंच चोरीला गेलेलं नसतं. आळ घेणाऱ्यानं आधी नीट पारखून बघावं, आणि आळ आला तरी भीतीपोटी खोट्यानं वजन भरू नये.