मरीचं मनगट

बालाघाटाच्या डोंगरात तेव्हा सडका नव्हत्या. बैलांच्या खुरांनी पडलेली वाट, तीच सडक. मोगलाईचा अंमल होता. तालुक्याचं गाव इतकं लांब, की तिथून हकीम बोलवायचा म्हटलं तर तो येईपर्यंत आजारी माणूस एक तर उठून शेतात गेलेला असे, नाहीतर मातीत. त्या काळी धामणदरा नावाच्या गावात मन्मथआप्पा वैद्य राहायचे. त्यांना जाऊन कैक पिढ्या झाल्या. पण अजूनही त्या गावात कोणी नुसतं 'आप्पा' म्हटलं, तर ते त्यांच्याबद्दलच, आणि म्हणताना माणूस आवाज खाली आणतो.

आप्पा जंगमाच्या घरातले. गळ्यात लिंग, खांद्यावर घोंगडी, काखेत औषधाचं गाठोडं. अंगानं काटकुळे. आणि खरं सांगायचं तर फार भित्रे. कुत्रं भुंकलं की मागं सरायचे. ओढा ओलांडताना डोळे मिटून शिवाचं नाव घ्यायचे. त्यांची बायको गंगव्वा त्यांना हसायची. लेक लहान असतानाच गंगव्वा वारली, आणि मग त्यांना हसणारंही कोणी उरलं नाही. पण बोलावणं आलं की आप्पा निघायचे. भीत भीत निघायचे, पण निघायचे.

असं म्हणतात, की एकदा दूरच्या वस्तीवर बाई अडली होती आणि आप्पा एकटेच रानातून चालले होते. वाटेत वाघ उभा. आप्पांचे पाय जागीच थिजले. वाघानं त्यांच्याकडं पाहिलं, पाठ फिरवली आणि तो त्यांच्याच वाटेनं पुढं चालू लागला. वस्तीचा दिवा दिसेपर्यंत वाघ पुढं आणि आप्पा मागं. मधेच दमून आप्पा म्हणाले, "बाबा, जरा हळू चाल." आणि वाघ हळू चालला, असं म्हणतात.

लेक मोठी झाली. तिचं नाव सुगला. घाट उतरला की पाणखेड नावाचं गाव लागतं, तिथं आप्पांनी तिला दिली. धामणदऱ्याच्या बहुतेक लेकी पाणखेडलाच दिलेल्या असत, आणि पाणखेडच्या लेकी धामणदऱ्याला. दोन गावांच्या मधे एक खिंड. वर हे गाव, खाली ते.

मग ते साल आलं.

आषाढ लागला, पण पाऊस नाही. नुसतं धुकं. दुपारीसुद्धा समोरचा माणूस दिसू नये असं. झरे आटले, आणि सगळं गाव एकाच डोहाचं पाणी पिऊ लागलं. अशात एका सकाळी गुराख्यांना गावाच्या वरच्या शिवेवर मरीआईचा गाडा उभा दिसला.

हा गाडा काय, ते सांगतो. लाकडाचा छोटा गाडा. त्यात मरीआईची मूर्ती, हिरवं लुगडं नेसवलेली. पुढ्यात दहीभात, लिंबं, बांगड्या. ज्या गावात पटकीची साथ येई, ते गाव असा गाडा करी आणि ढकलत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडी. सोडून परत येताना मागं बघायचं नाही. मग पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या गावाला पोचवायचा. ज्या गावात गाडा थांबेल, तिथं मरी मुक्काम करते, अशी लोकांची समजूत. गावं एकमेकांना दुसरं काही देवोत न देवोत, हा गाडा मात्र हमखास देत.

गाडा दिसला आणि गावात माणसं पडू लागली. सकाळी हिंडता फिरता माणूस, दुपारी त्याचे डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, हातापायांत गोळे. संध्याकाळी तो नाही. शिंप्याची बायको गेली. कुंभाराच्या घरची चूल विझली, ती पेटवायला कोणी उरलं नाही. एका घरातली रड थांबायच्या आत दुसऱ्या घरात सुरू व्हायची. नंतर नंतर लोक रडायचंही विसरले.

आप्पा घरोघर जात होते. पेज आणि मीठ पाजा, पाणी उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका, असं सांगत होते. काही ऐकत होते, काही दार लावून घेत होते. कारण आप्पा वरच्या गावांत जाऊन आले होते, आणि मरी आप्पांच्याच मागोमाग आली, असंही कोणी कोणी कुजबुजू लागलं होतं.

गावचे पाटील हैबतराव. त्यांचा थोरला मुलगा गेला आणि धाकटा अंथरुणाला खिळला. त्यांनी गाव गोळा केलं आणि सांगितलं, गाडा आजच खाली पाणखेडच्या शिवेत घालायचा. गाड्यापुढं लखू पोतराज चालणार होता. मरीआईचा भक्त तो, अंगावर आसूड ओढून घेणारा, देवीचा शब्द गावाला सांगणारा. लखूनं आसूड उचलला. हलगी वाजू लागली. गाडा हलला.

खिंडीत पोचले तर धुक्यात वाटेवर कोणीतरी बसलेलं. आप्पा. वाट तिथं एका गाड्यापुरतीच आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आप्पा मधोमध मांडी घालून बसले होते.

"आप्पा, वाट सोडा," पाटील म्हणाले. "सकाळीच थोरल्याला माती देऊन आलोय. गाडा इथं राहिला तर धाकटाबी जाईल माझा."

"धाकट्याला बघून आलोय मी," आप्पा म्हणाले. "पेज पोटात टिकाया लागलीय. जगंल तो. पर पाटील, म्या वरची गावं बघितलीत. गाडा ढकलणारी माणसं आजारी असत्यात. ती खालच्या पाण्यावर हातपाय धुत्यात, आणि दोन दिसांत ते गाव पडतंय. मरी गाड्यात बसून जात न्हाई. आपल्या हातापायांवर बसून जाती."

"लेक दिलीय खाली, म्हणून बोलतोय हा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "दिवस भरत आल्यात तिचं. म्हणूनच तर भ्या वाटतंय मला. तुम्हाला वाटत न्हाई? पाटील, तुमची बहीण कुठं नांदती? अन् तू रं मागचा, तुझं आजोळ कुठलं?"

हलगी थांबली. क्षणभर वाटलं, गाडा मागं फिरेल. पण मागच्या बाजूला कोणी तरी मटकन खाली बसलं, पोट धरून ओकू लागलं, आणि त्या आवाजासरशी सगळ्यांच्या अंगात भीती शिरली. "ढकला!" एकच गलका झाला. गाडा पुढं सरकला. चाक आप्पांच्या छातीला टेकलं. आप्पांचे दात वाजत होते, ते जवळच्यांना ऐकू आलं, असं म्हणतात. पण ते हलले नाहीत.

लखूनं आसूड वर उगारला, तो तसाच वर राहिला. त्याच्या बोटांत गोळे आले होते. आसूड गळून पडला आणि लखू आप्पांच्या पुढ्यातच कोसळला. त्याचे डोळे खोल गेले होते. आप्पांनी सवयीनं हात पुढं केला आणि त्याची नाडी धरली.

आणि लखूच्या तोंडून बाईचा आवाज आला.

आवाज बारीक होता. चुलीपुढं बसून कोणी बोलावं तसा शांत. "कोण हाय रं तू?"

"वैद्य," आप्पा म्हणाले.

"हात सोड माझा. मला खाली जायचंय. खाली लेकरं वाट बघत्यात माझी."

 आप्पांच्या बोटांखाली जी नाडी होती ती एका माणसाची नव्हती, असं म्हणतात. तिच्यात शिंप्याच्या बायकोची नाडी होती, कुंभाराच्या पोरांची होती, पाटलांच्या थोरल्याची होती. जेवढी माणसं मेली होती तेवढी सगळी तिच्यात उडत होती.

"सोड," ती म्हणाली. "न्हाईतर तुझ्या सुगलाच्या खाटंशी जाऊन बसते."

"बाई," आप्पांचा आवाज चिरकला. "तुम्ही कोणीबी असा. दुखणं उतरल्याबिगर म्या हात सोडत नसतो."

एवढं ऐकलं आणि गाव पळालं. पाटील पळाले, गाडा ढकलणारे पळाले, हलगीवाल्यानं हलगी तिथंच टाकली. धुकं खिंडीत उतरलं आणि मग वरून काही दिसेना.

त्यानंतर खिंडीकडं जायची कोणाची छाती नव्हती. गावात एक विधवा बाई होती, ठकूबाई. तिचं घरदार साथीत गेलं होतं. ती म्हणाली, "मला आता काय भ्यायचं राहिलंय?" ती रोज पेजेची मोगी, म्हणजे मातीचं लहान मडकं, आणि उकळलेलं पाणी घेऊन जायची, गाड्याखालून आप्पांच्या मोकळ्या हाताशी सरकवायची आणि परत यायची. मोगी रिकामी झालेली असायची. पहिल्या दिवशी तिला गाड्याआडून आप्पांचं वाकलेलं डोकं दिसलं. दुसऱ्या दिवशी दिसलं तेव्हा त्यांचे सगळे केस पांढरे झाले होते.

ठकूबाईनं जे ऐकलं ते तिनंच गावाला सांगितलं. मरी आधी धमक्या देत होती. मग रडू लागली. मग तिनं आवाज बदलला आणि गंगव्वाच्या आवाजात हाक मारली, "अहो, ऐकलंत का? इकडं बघा की." मेलेल्या बायकोचा आवाज ऐकून आप्पा ढसाढसा रडले. पण हात सोडला नाही.

शेवटी आली ती सुगलाची हाक. "आप्पाऽऽ! आप्पा, या हो! मरते मी!" काळीज फाटावं असं ती ओरडत होती, आणि हाक खालून, घाटातून येत होती. मरी ओरडते की खरंच लेक, हे आप्पांना कसं कळावं? उठून धावलं तर हात सुटणार. नाही धावलं तर लेक जाणार. ठकूबाई म्हणायची, "त्या वक्ताला आप्पांनी डोकं भुईवर आपटून घेतलं. रगत आलं. पर एक हात हलला न्हाई त्यांचा."

आणि ऐका, ती हाक खरी होती. त्याच दुपारी पाणखेडात सुगला अडली होती आणि बापाच्या नावानं ओरडत होती. आप्पा गेले नाहीत. सुईणीनं तिला सोडवली. मुलगी झाली. दोघी जगल्या. पण हे आप्पांना कोणी सांगू शकलं नाही.

कारण पुढच्या सकाळी धुकं उठलं, आणि खिंड गप्प होती. पाटील पुढं झाले, त्यांच्या मागं गाव. गाडा होता तिथंच होता. चाकांवर जमिनीतून वेल चढून घट्ट बसले होते, जणू तो वर्षानुवर्षं उभा आहे. त्याच्याजवळ लखू झोपला होता. जिवंत. अंग गार नव्हतं, डोळे जागेवर होते. आप्पा मात्र नव्हते. गाठोडं होतं, घोंगडी होती, माणूस नव्हता.

लखूला उठवलं. त्यानं पाणी मागितलं आणि ते पिऊन घेतलं. मग म्हणाला, "माझं मनगट त्यांनी सोडलं, तवा मला जाग आली. त्यांनी तिचं धरलं हुतं. ती म्होरं आन् आप्पा मागं, दोघं दरीत उतरत हुती. आप्पा म्हणाले, लखू, मागं बघू नगंस. म्या बघितलं. तिनंबी वळून माझ्याकडं बघितलं."

"मग? कशी दिसत हुती?" पाटलांनी विचारलं.

लखूनं ते कधीच सांगितलं नाही. त्याला विचारलं की तो उजवं मनगट पुढं करायचा. त्यावर तीन बोटांचे तीन काळे वळ होते. ते मरेपर्यंत गेले नाहीत. त्यानंतर त्यानं आसूड हातात धरला नाही. साथीत कोणी पडलं की तो पेजेची मोगी घेऊन त्याच्या उशाशी जाऊन बसायचा.

पाटलांचा धाकटा जगला. धामणदऱ्यात साथ ओसरली, आणि पाणखेडात त्या वर्षी मरीनं एकाही घराचा उंबरा ओलांडला नाही. माणसांनी दरी उतरून शोधली. दोरखंड सोडले, हाका मारल्या. काही सापडलं नाही. देह नाही तर समाधी कशाची बांधायची? तशी ती आजवर बांधलेली नाही.

पण आषाढातल्या मंगळवारी आजही दोन्ही गावं खिंडीत जमतात. धामणदरा वरून येतं, पाणखेड खालून. मधे गाड्याएवढी जागा मोकळी सोडतात, तिच्यात कोणी पाय ठेवत नाही. ढोल नाही, हलगी नाही, गुलाल नाही. पाणखेडच्या बाया वर्षभरात जन्मलेली आपली लेकरं घेऊन दरीच्या कडेला उभ्या राहतात आणि एकेका लेकराचं नाव मोठ्यानं खाली सांगतात. "आप्पा, हा अमक्याचा. आप्पा, ही तमक्याची." सगळ्यात आधी सुगलाच्या वंशातली बाई ओरडून सांगते, "आप्पा, सुगला जगली! मुलगी झाली!" दर वर्षी सांगते. पहिल्यांदाच सांगावं तसं.

दरीतून कधी उत्तर येत नाही. पाऊस, पीकपाणी, लग्नं, सगळं आप्पांना सांगून होतं. लहान पोरं मधेच विचारतात, की आता तर पटकी राहिली नाही, गोळ्या आहेत, दवाखाना आहे, मग आप्पांना वर का बोलवत नाही? तेव्हा शेजारची बाई चटकन त्या पोराच्या तोंडावर हात ठेवते. त्या दरीच्या कडेला काहीही बोललं तरी चालतं. फक्त 'आप्पा, आता हात सोडा' एवढं आजवर कोणी म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हणू देत नाही.