एकच चोर, किती तालुके?

कुरणवाडी नावाचं एक गाव. तिथे हर्षाली नावाची कॉलेजात जाणारी मुलगी राहायची. सदा फोनमध्ये डोकं! गावाची वीजबिलं तीच भरायची, गॅसचा नंबर तीच लावायची, आणि काम झालं की गाव तिलाच नावं ठेवायचं. तिचे काका आत्मारामतात्या म्हणायचे, "फोननं पोरगी पार वाया गेली." आणि गंमत बघा, स्वतः तात्या फोनवर आलेला प्रत्येक निरोप वाचल्याबरोबर साऱ्या गावाला पाठवून मोकळे व्हायचे.

एके सकाळी तात्यांना एका वर्दीवाल्या माणसाचा पुसट फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सावधान! पोलिसाच्या वेशात मुलं पळवणारा माणूस आपल्या तालुक्यात शिरलाय.' तालुक्याचं नावसुद्धा दिलेलं. तात्यांनी तो लगेच गावभर धाडला.

नेमका त्याच दिवशी भानुदास बहुरूपी गावात आला. इन्स्पेक्टरचं सोंग, खोट्या मिशा, लाकडी पिस्तूल. "चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे!" म्हणत तो पोरांना हसवू लागला. एरवी गाव पोट धरून हसलं असतं. त्या दिवशी मात्र लोकांनी त्याला धरून चावडीपुढच्या लिंबाला बांधलं. काठ्या निघाल्या.

"अहो, पोटासाठी सोंग काढतो मी. मारू नका हो!" बिचारा गयावया करत होता. पण ऐकतो कोण?

हर्षाली धावत आली आणि त्याच्यापुढे आडवी उभी राहिली.

"बाजूला हो पोरी," तात्या ओरडले. "मोबाईलवर आलंय, खोटं असेल का?"

"पोलिसांना फोन केलाय मी, ते निघालेत. तोवर मला जरा वेळ द्या. नाहीतर पहिली काठी मला मारा."

काय छाती त्या पोरीची! जागची हलली नाही. तिनं तोच फोटो लांबलांबच्या मैत्रिणींना पाठवला आणि विचारलं, 'तुमच्याकडे आलाय का हा?' टणाटण उत्तरं आली. तिनं फोन तात्यांपुढे धरला.

"वाचा तात्या. ही कोकणात असते, ही विदर्भात, ही खानदेशात. सगळीकडे हाच फोटो, हाच मजकूर. तालुक्याचं नाव तेवढं दरवेळी वेगळं. एकच चोर एका दिवसात इतके तालुके फिरला होय?"

तात्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हातातली काठी गळून पडली. त्यांनी स्वतः दोरी सोडली आणि मटकन खाली बसले. "माझ्या हातून आज खून झाला असता गं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

भानुदास घोटभर पाणी प्यायला. मग हर्षालीपुढे हात जोडून म्हणाला, "ताई, जन्मभर सोंगं काढली मी. पण गावागणिक नाव बदलणारा हा निरोप माझ्याहून मोठा बहुरूपी निघाला. तुम्ही त्याची मिशी ओढलीत, म्हणून मी जिवंत आहे."

तात्पर्य: फोन आता सगळ्यांच्याच हातात असतो, पण आलेल्या निरोपाला 'तू कुठला रे बाबा?' असं आधी विचारण्याची अक्कल आणि धीर ज्याच्यापाशी, तोच खरा शहाणा, मग वय कितीही लहान असो.