झाकणाच्या आतले नाव

एकदा एका दुरुस्तीच्या दुकानात एक जुना व्हिडिओ गेम आला. चित्र स्वच्छ दिसे. आवाज मात्र खरखरत येई आणि मध्येच नाहीसा होई. जुन्या खेळांचा व्यापार करणारे एक गृहस्थ तो घेऊन आले होते.

"चार वाजेपर्यंत बघा मास्तर," व्यापारी म्हणाले. "नाहीच जमलं तर सुटे भाग काढून विकतो. मुका खेळ कोण घेणार?"

वृद्ध मास्तरांनी आपल्या शिष्येकडे बोट केले. "ही करेल."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. व्यापारी हसले. "ही? अहो, खेळातला राक्षस ओरडला तरी पळत सुटेल!"

तिचे कान तापले आणि तिने मान खाली घातली. कॉलेजचे शिक्षण संपवून ती वर्षभर येथे शिकत होती. दुकानाची एक रीत होती: जो यंत्र बरे करी, तो झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने आपले नाव आणि तारीख लिही. ज्याचे नाव आत, तो कारागीर. बाकी सारे मदतनीस. तिचे नाव अद्याप एकाही झाकणात नव्हते.

झाकण मास्तरांनी स्वतः उघडले आणि आपल्यापाशी पालथे ठेवले.

जुन्या खेळांत कपॅसिटर नावाचे छोटे भाग दगा देतात, असे तिने वाचले होते. तिने ते सगळे बदलले. खरखर तशीच. मग आवाज मोठा करून तिने बोर्डावर ठोकून पाहिले. कुठेही ठोकले तरी खरखरे, आणि दर वेळी ती दचके. असे करता करता साडेतीन झाले.

"मास्तर, बोर्डच गेलाय बहुतेक," ती रडवेली होऊन म्हणाली. "आणि माझं हे असं. जरा खुट्ट झालं की जीव उडतो. हे काम माझं नाहीच."

चित्राकडे लक्ष जाऊ नये म्हणून मास्तरांनी खेळाला जोडलेल्या टीव्हीवर फडके टाकले, आवाज अगदी बारीक केला आणि बांबूची एक काडी घेऊन बोर्डावर अलगद टेकवीत नेली. नवल म्हणजे, ते बोर्डाकडे जेमतेम पाहत होते. त्यांची नजर तिच्या खांद्यांवर होती.

"माझ्याकडे काय बघताय?"

"तू ऐक गं गुपचूप."

काडी सरकत गेली. एका ठिकाणी तिचा खांदा उडाला.

"काय झालं?" वाट पाहत बसलेल्या व्यापाऱ्यांनी विचारले. "मला तर काही ऐकू आलं नाही."

"मलाही नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी काडी पुन्हा तेथेच टेकवली. खांदा पुन्हा उडाला.

"इथे डाग दे."

भिंगाखाली पाहिले तर एका सांध्याभोवती केसाएवढी भेग होती. तिने तापलेल्या कथलाचा डाग दिला. हात हलला नाही. आवाज वाढवला, आणि खेळाचे संगीत सलग, निर्मळ वाजू लागले. व्यापारी मान डोलावू लागले.

मास्तर म्हणाले, "जोरात ठोकलं की अख्खा बोर्ड हादरतो, मग दोष सगळीकडेच आहे असं वाटतं. हळू ठोकावं, तर ते ऐकू यायला कान तसा लागतो. चाळीस वर्षं खरखर ऐकून माझा कान निबर झाला, पोरी. तुझा अजून जागा आहे. तू ज्याला खोड म्हणतेस, त्याच्या भरवशावर मी आज काडी फिरवली."

मग त्यांनी झाकण उलटून तिच्यापुढे धरले. आत पेन्सिलीचे पुसट अक्षर होते: मास्तरांचेच नाव, सोळा वर्षांपूर्वीची तारीख.

ती दचकली. "म्हणजे हा सांधा..."

"माझाच. तेव्हा ठीक वाजला, मी सही केली. शेजारी दचकणारं कुणी नव्हतं."

व्यापाऱ्यांनी खेळ काखेत घेण्यासाठी हात पुढे केला. "चला, आता हमी कोणाची म्हणून सांगू गिऱ्हाइकाला? तुमचीच ना, मास्तर?"

"थांबा जरा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कानामागची पेन्सिल तिच्या हाती दिली.

तिने मास्तरांच्या नावाखाली आपले नाव लिहिले, ठळक, पूर्ण. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. ती दचकली; पण या वेळी तिने मान खाली घातली नाही.