बार्रा सेकाची काठी

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्याने होडीतून दक्षिणेकडे निघालं, की दोन दिवस डोळ्यांसमोर एकच चित्र हलत राहतं: नारळाची रांग, मग खारफुटी, मग पांढरी वाळू, पुन्हा नारळ. वारा बारमाही समुद्रावरून येतो, त्यामुळे झाडून सगळी झाडं जमिनीकडे पाठ वाकवून उभी असतात. तिसऱ्या दिवशी बार्रा सेका नावाचं गाव येतं. तिथे नदी समुद्राला मिळते, आणि मुखाशी वाळूच्या टोकावर एकच झाड असं आहे, जे वाऱ्याच्या तोंडावर समुद्राकडे कललेलं आहे. गिरीपुष्पाचं झाड. आपल्याकडे कोकणात बांधावर लावतात तेच. मूळ ते तिकडचंच.

प्रवाशांना हे झाड निवांत बघायला मिळतं, कारण इथे प्रत्येक होडीला थांबावंच लागतं. मुखात पाण्याखाली वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. किनाऱ्यावरून खूण झाल्याशिवाय कोणी आत शिरत नाही. फिलिबेर्तो नावाड्याने त्या दिवशीही इंजिन मंद केलं, होडी लाटांबाहेर झुलत ठेवली आणि डोक्यावरची गवती टोपी काढून मांडीवर ठेवली.

हा फिलिबेर्तो म्हणजे थापांचं गोदाम. मागच्याच खाडीत इथल्या डासांनी एका पाद्र्याला खुर्चीसकट उचलून नेलं, असं त्याने शपथेवर सांगितलं होतं. आणि पाद्री परत आला, खुर्ची नाही आली, अशी पुस्तीही जोडली होती. पण या झाडाची गोष्ट सांगताना तो टोपी काढतो, आणि होडीत कोणी हसलं तर वाक्य अर्धं सोडून त्याच्याकडे बघत बसतो.

त्याच्या आजीच्या आजीच्या वेळची गोष्ट म्हणे. तेव्हा किनाऱ्याला रस्ता नव्हता. आजही नाही म्हणा. मागे दलदल, पुढे समुद्र. मीठ, कापड, औषध, सासरी गेलेली लेक, जे काही गावात यायचं ते या मुखातूनच. होड्या एकाच खोडातून कोरलेल्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. दांड्यावर एका पाठोपाठ सात मोठ्या लाटा येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत होडी आत आली तर आली. आठव्या लाटेखाली सापडली तर तुकडे गोळा करायचे. होडीतून ती उसंत दिसत नाही. ती काठावरूनच दिसते. म्हणून वाळूच्या टोकावर एक माणूस काठी घेऊन उभा असे. काठी उभी, तर थांबा. काठी समुद्राकडे आडवी पडली, तर या.

त्या काळी काठी कासिमीरोच्या हातात होती. सगळं गाव त्याला तिओ म्हणे, म्हणजे काका. चाळीस वर्षं तो त्या टोकावर उभा राहिला. काठी त्याच्या तळव्यांनी घासून गाईच्या शिंगासारखी गुळगुळीत झाली होती. सातव्या लाटेची पाठ बघून तो सांगे, की पुढची उसंत चाळीस आकड्यांची की वीस आकड्यांची. त्याच्या खुणेवर आलेली एकही होडी बुडाली नव्हती. काठी हातात घेतली त्या दिवशी त्याने ओल्या वाळूत गुडघे टेकून गावासमोर शपथ घेतली होती: “माझं माणूस आणि परकं माणूस, या काठीला सारखंच.”

शपथ घेणं सोपं असतं. घेताना कोणी समुद्रात नसतं.

दोमिंगाचं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी एक गोष्ट घडली. दोमिंगा कासिमीरोची एकुलती एक मुलगी, बिनआईची. गावात तोमासा नावाची बाई नारळाच्या दुधात मळलेले पाव विकत असे. तिचा नवरा मळ्यावरच्या कामाहून परतत होता, तापाने फणफणलेला. होडी मुखाशी आली तेव्हा दांड्यावर उसंत म्हणून नव्हती. कासिमीरोने सकाळपासून दुपारपर्यंत काठी उभी धरली. दुपारी वाट मिळाली, होडी आत आली; पण तोमासाचा नवरा तोवर थंड पडला होता.

तोमासा रडली नाही. ती टोकावर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “तिओ, तुझं माणूस असतं ना होडीत, तर काठी कधीच पडली असती.”

कासिमीरो पुन्हा लाटांकडे वळला. दुसऱ्या दिवसापासून तोमासा आपली पावाची टोपली घेऊन टोकावरच बसायला लागली, त्याच्या पाठीमागे चार पावलांवर. गिऱ्हाइकं तिथेच यायची. होडी आली की ती टोपली झाकायची आणि त्याच्या हाताकडे बघत राहायची.

“काय बघतेस गं रोज?” एकदा त्याने विचारलं.

“तुझी शपथ,” ती म्हणाली. “अजून आहे का ते बघते.”

असं सांगतात, की त्या दिवसापासून कासिमीरोला पाठीवर डोळे जाणवू लागले. पूर्वी तो फक्त लाटा मोजायचा. आता लाटा मोजायचा आणि आपल्याला मोजणारीलाही मोजायचा.

दोमिंगा लग्न होऊन वरच्या किनाऱ्याला गेली. दीड वर्षाने निरोप आला, की मुलगा झाला आहे, चाळीस दिवसांचा झाला की आजोबांना दाखवायला आणते. कासिमीरोने झोपाळ्याची जाळी नवी विणली. शेजाऱ्याकडून कोंबडी आणून बांधली. नातवाला काय म्हणून हाक मारायची, यावर त्याचं आणि कोंबडीचं आठ दिवस बोलणं चाललं होतं, असं फिलिबेर्तो सांगतो, आणि इथे हसलेलं त्याला चालतं.

ती आली ते दिवस उत्तरेच्या वाऱ्याचे होते. त्या वाऱ्याला तिकडे नोर्ते म्हणतात. आदल्या घटकेपर्यंत आकाश निळं असतं, मग क्षितिजावर काळी दोरी ताणल्यासारखी रेघ दिसते, आणि रेघ दिसली की घटका-दीड घटकेत समुद्र उलटापालटा होतो. सकाळी मुखाशी दोन होड्या आल्या. पुढची मिठाची, मागची दोमिंगाची. तीन वल्हेकरी, ती, आणि फडक्यात बांधलेलं बाळ. वरच्या किनाऱ्याहून दीड दिवसाची वाट, मध्ये कुठेही आसरा नाही. काळी रेघ दिसायला लागली होती.

आधी आला तो आधी, हा नियम. कासिमीरोने मिठाची होडी आत घेतली. मग सात लाटा मोजल्या. सातवीची पाठ रुंद होती, लांब उसंतीची. दांड्यावरचं पाणी ताटात ओतलेल्या तेलासारखं पसरलं.

हाताला कळलं. चाळीस वर्षांत हात कधी चुकला नव्हता. पण काठी खाली आणणार तोच मनाने विचारलं: हाताला उसंत दिसली, की हाताला हवी होती म्हणून दिसली? होडीत फडक्याचं ते बोचकं त्याला दिसत होतं. पाठीमागे टोपली झाकल्याचा आवाज झाला.

काठी उभीच राहिली. उसंत गेली.

पुन्हा सात लाटा. ही उसंत पहिल्यापेक्षा तोकडी, पण पुरेशी. दुसऱ्या कोणासाठी त्याने डोळे मिटून काठी पाडली असती. आपलं माणूस आहे म्हणून मला घाई होते आहे, तो स्वतःला म्हणाला. अजून एक बघू. नक्की खात्रीची. तिच्यावर कोणी बोट ठेवणार नाही अशी.

तेव्हा तोमासा उठली. टोपली कलंडली, पाव वाळूत गेले. “पाड काठी, तिओ!” ती ओरडली. “वाट आहे! पाड! मी काही म्हणणार नाही!”

ती तसं म्हणाली आणि त्याचा हात अधिकच आवळला.

तिसऱ्यांदा सात लाटा झाल्या, आणि आठवी आली, नववी आली. नोर्ते पोचला होता. उसंत संपली.

पुढचं त्या होडीतल्या एका वल्हेकऱ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दोन कोस खाली वाळूवर सापडला, एकटाच. तो म्हणाला, की पहिल्या उसंतीला आमचीही वल्ही उचलली होती. आम्हालासुद्धा वाटलं, वाट आहे. पण दोमिंगाने अडवलं. “बाबांनी काठी पाडलेली नाही,” ती म्हणाली. “बाबांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही.” दुसऱ्यांदाही ती तेच म्हणाली. वारा आल्यावर आम्ही म्हटलं, आता कसंही करून घुसू. तेव्हा तिने बाळाला छातीशी घट्ट बांधलं आणि काठीकडे बघत राहिली. शेवटपर्यंत तिला काळजी नव्हती, असं तो म्हणाला. काठावर बाप उभा होता ना.

कासिमीरो त्या टोकावर तीन दिवस उभा होता. कोणी हात धरून नेऊ लागलं तर तो हलेना. तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि समुद्र असा निश्चल झाला, म्हणे, की दांड्यावर लाटच फुटेना. बगळे चालत पलीकडे गेले. रिकाम्या समुद्राकडे बघत त्याने काठी हळूच आडवी केली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. कोणीही आलं नाही. मग त्याने काठी वाळूत रोवली आणि तोमासाच्या दारात जाऊन उभा राहिला.

“माझं माणूस होतं, तोमासा,” तो म्हणाला. “म्हणूनच नाही पडली.”

तोमासा चुलीपाशी होती. तिने त्याला बस म्हटलं, पुढ्यात पाण्याचा वाडगा ठेवला. मग म्हणाली, “त्या दिवशी वाट नव्हती, तिओ. मलाही दिसत होतं. माझा माणूस गेला होता, आणि तू समोर होतास, म्हणून बोलले.”

“आधी का नाही सांगितलंस?”

“तू कधी वळून बघितलं नाहीस.”

त्यानंतर कासिमीरो पुढच्या पौर्णिमेपर्यंतही टिकला नाही. गावाने त्याला टोकाजवळच पुरलं. वाळूत रोवलेली काठी उपटायला माणसं गेली, तर ती हलेना. गिरीपुष्पाचा ओला खुंट कुंपणाला लावला तर फुटतो, हे त्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. पण चाळीस वर्षं वाळलेल्या काठीला कोंब फुटल्याचं कोणी ऐकलंय? त्या काठीला फुटले. आणि ती वाढली ती वाऱ्याच्या उलट, समुद्राकडे आडवी होत. “अजून पडतेच आहे,” असं जुनी माणसं म्हणतात. दरवर्षी नोर्तेचे दिवस सरले, की अंगावर एकही पान नसताना ती गुलाबी फुलांनी भरून जाते.

गावाने नवी काठी केली. ती घ्यायला पुरुष पुढे होईनात, तेव्हा तोमासाने हात पुढे केला. शपथ घेताना ती गुडघ्यावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “माझं माणूस आणि परकं माणूस सारखं नसतं. कोणालाच नसतं. ज्याचं माणूस होडीत असेल, त्याने काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि समुद्राकडे पाठ करून बसायचं. वळायचं नाही. आणि ज्याच्या हातात काठी असेल, त्याच्या पाठीमागे कोणी उभं राहायचं नाही.”

फिलिबेर्तोने इथे गोष्ट थांबवली. एक लाट होडीखालून गेली, मग दुसरी. प्रवाशांपैकी एका बाईने विचारलं, “मग आज काठीवर कोण आहे?”

“आज पाळी माझ्या बहिणीची. पण मी येतोय ना,” तो म्हणाला. “म्हणून तिने काठी त्या दुकानवाल्याला दिली आहे. तो परगावचा आहे, आमचं कोणी त्याचं लागत नाही. आमच्याशी भांडतोसुद्धा, फार कामाचा माणूस.”

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. टोकावर एक जाडा माणूस काठी उभी धरून लाटा मोजत होता. त्याच्या मागची वाळू मोकळी होती. बाजूला बऱ्याच अंतरावर, नदीकडे तोंड करून, एक बाई बसली होती. डोक्याला पिवळा रुमाल, हात मांडीवर. फिलिबेर्तोने तिच्या पाठीकडे दोनदा बघितलं आणि दोनदा मान दुसरीकडे वळवली.

काठी आडवी झाली. इंजिन ओरडलं, होडीचं तोंड उचललं गेलं, दोन्ही अंगांनी पांढरं पाणी धावलं, आणि मोजून पंचवीस आकड्यांत ती नदीच्या तपकिरी, संथ पाण्यात आली.

आजही बार्रा सेकात आपलं माणूस समुद्रावरून यायचं असलं, की घरचे लोक टोकावर येतात आणि पाठ करून बसतात. नवख्या प्रवाशाला वाटतं, काय तुटक माणसं आहेत. बाजाराच्या दिवशी दहा-दहा, पंधरा-पंधरा पाठी ओळीने दिसतात. कोणी वळत नाही, कोणी बोलत नाही. होडीचा तळ वाळूला घासल्याचा आवाज येईपर्यंत त्यांच्यातल्या कोणाचाही श्वास पुरता बाहेर पडत नाही.

तळ घासला. बाई उठली, पण वळली नाही.

“आलास?” तिने नदीकडे बघतच विचारलं.

“आलो,” फिलिबेर्तो म्हणाला.